मिकीच्या हातात पांढरे मोजे आले कुठून?

मिकी माऊस हातमोजे का घालतो, हा प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी कुठे ना कुठे वर येतो आणि खाली तेच भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, "काळ्या अंगावर काळे हात दिसत नव्हते म्हणून पांढरे मोजे घातले. संपला विषय. उगाच प्रत्येक गोष्टीत वर्णद्वेष शोधू नका." दुसरा गट म्हणतो, "हे सगळं वर्णद्वेषातूनच आलंय, फेकून द्या तो मिकी." आणि तिसरा गट नेहमीचाच, "अहो कार्टून आहे ते, सोडा ना."

माझं भांडण तिघांशीही आहे. पण सगळ्यात जास्त पहिल्या गटाशी आहे, कारण त्यांचं उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. खोटं उत्तर पकडता येतं. अर्धं उत्तर पाठ होतं, पोरांना शिकवलं जातं, आणि ज्याला उरलेलं अर्धं लपवायचं असतं त्याचं आयतं काम होतं.

पोस्ट मोठी आहे. पूर्ण वाचा आणि मग भांडा.

आधी पहिल्या गटाचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू.

'स्टीमबोट विली' १८ नोव्हेंबर १९२८ ला लोकांसमोर आला, तेव्हा मिकीच्या हातात मोजे नव्हतेच. यूट्यूबवर बघा. काळं अंग, काळे दांडीसारखे हात, काळे पंजे. हात छातीसमोर आला की गायब. त्या काळची कार्टूनं काळ्या-पांढऱ्या रंगात, आणि एकेक चित्र हाताने काढायचं, शाईने गिरवायचं, रंगवायचं. काही मिनिटांच्या फिल्मसाठी हजारो चित्रं. त्यामुळे अंग म्हणजे गोळे, हातपाय म्हणजे रबरी नळ्या. कोपर नाही, मनगट नाही. अशा हाताच्या टोकाला पांढरा फुगीर मोजा लावला की हात दिसतो, काढायला सोपा जातो, आणि तीन बोटं नि एक अंगठा एवढ्यावर भागतं. वॉल्ट डिस्नेनेही पुढे असंच सांगितलं की, मिकीला उंदराचे पंजे नको होते, तो माणसासारखा वाटायला हवा होता, म्हणून हातमोजे दिले. आणि एवढ्याशा आकृतीला पाच बोटं जास्त वाटली म्हणून एक कमी केलं.

हे सगळं बरोबर. डोनाल्ड डकला मोजे नाहीत, कारण त्याची पिसं मुळात पांढरी आहेत. इथपर्यंत पहिला गट जिंकला.

आता तीन प्रश्न विचारतो.

पहिला. फेलिक्स द कॅट. १९१९ पासून पडद्यावर. पूर्ण काळा बोका, काळे हात, हातमोजे नाहीत. मिकी येण्याआधी कार्टूनच्या दुनियेतला सगळ्यात मोठा स्टार हाच होता. हातमोज्यांशिवाय काम चालतच नव्हतं, तर फेलिक्सचं इतकी वर्षं कसं चाललं?

दुसरा. रंग आला तेव्हा काय झालं? १९३५ च्या 'द बँड कॉन्सर्ट'मध्ये मिकी रंगीत झाला. आता काळ्यावर काळं ही अडचण नाही. हात कुठल्याही रंगात रंगवा. तरी मोजे राहिले. १९४० मध्ये बग्ज बनी आला, तोही रंगीत फिल्ममध्ये, अंगाने राखाडी. त्याला काळ्या हातांचा त्रास होताच कुठे? तरी हातात पांढरे मोजे. अडचण गेली आणि उपाय तेवढा राहिला, तर तो फक्त त्या अडचणीचा उपाय नव्हता.

तिसरा. १९४० चाच 'पिनोकियो' बघा. लाकडाचा बाहुला असतो तोवर त्याच्या हातात मोजे असतात. शेवटी तो खरा मुलगा होतो आणि मोजे जातात, पाच बोटांचे साधे हात दिसतात. म्हणजे डिस्नेच्या चित्रकारांच्या लेखी मोज्यांना अर्थ होता. मोजे घातलेला तो माणूस नव्हे. माणसासारखा वागणारा, नाचणारा, करमणूक करणारा. पण माणूस नव्हे.

हा अर्थ मोज्यांना चिकटला कुठून? इथे पहिल्या गटाचं उत्तर संपतं, आणि इथूनच खरा विषय सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत करमणुकीचा सगळ्यात लोकप्रिय प्रकार होता मिन्स्ट्रेल शो. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे दिसतील असे रंगवायचे आणि काळ्या माणसाची नक्कल करून लोकांना हसवायचे. यालाच ब्लॅकफेस म्हणतात. १८३० च्या सुमारास टॉमस राइस नावाच्या नटाने 'जिम क्रो' हे सोंग गाजवलं. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांनी पूर्ण वेळाचा असा खेळ उभा केला आणि मग देशभर या खेळांचं पेव फुटलं. जिम क्रो हे नाव ओळखीचं वाटतंय ना? गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत काळ्या लोकांना वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ लावणारे जे कायदे झाले, त्यांना 'जिम क्रो कायदे' म्हणतात ते या विनोदी सोंगावरूनच. थट्टा आधी झाली, कायदा मागून आला. "नुसती गंमत आहे" म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा लक्षात ठेवावा.

या खेळांत दोन सोंगं ठरलेली. एक जिम क्रो, खेड्यातला, फाटका, नाचरा. दुसरा झिप कून, शहरातला, झकपक कपडे करून साहेबासारखा मिरवू बघणारा स्वतंत्र काळा माणूस. विनोद काय, तर याने कितीही चांगले कपडे घातले तरी हा साहेब होणार नाही. पांढरे हातमोजे या नटांच्या वेशाचा नेहमीचा भाग होते. काळं तोंड, मोठे डोळे, रुंद हसू, सैल कपडे, पांढरे मोजे. आता डोळे मिटून १९३० च्या आसपासचा मिकी आठवा.

लगेच कोणी म्हणेल, मोजे तर विदूषकही घालायचे, जादूगारही घालायचे, मागच्या रांगेतल्या माणसाला हात दिसावेत म्हणून. अगदी बरोबर. पण मग हे विचारा की, या कार्टूनवाल्यांच्या डोळ्यासमोर कुठला रंगमंच होता? अमेरिकन ॲनिमेशनचा जन्म व्होडव्हिलच्या, म्हणजे तिथल्या विविधरंगी करमणुकीच्या, रंगमंचावर झाला. स्टुअर्ट ब्लॅकटन आणि विन्सर मॅके हे सुरुवातीचे कार्टूनकार स्वतः रंगमंचावर लोकांसमोर झरझर चित्रं काढून दाखवायचे. त्याच रंगमंचावर, त्याच प्रयोगात ब्लॅकफेसवाले नट असायचे. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला, बोलपटांचं युग सुरू करणारा चित्रपट. त्यात अल जोलसन काळं तोंड करून गातो. मिकी आला तो त्यानंतर तेरा महिन्यांनी.

हे सगळं आजूबाजूचं झालं. "मिकीचा थेट संबंध दाखवा," म्हणाल. दाखवतो. सगळे पुरावे पडद्यावरचेच आहेत.

१) 'स्टीमबोट विली'मध्ये मिकी जनावरांच्या अंगावर जी धून वाजवतो ती 'टर्की इन द स्ट्रॉ'. मिन्स्ट्रेल रंगमंचावर हीच चाल 'झिप कून' नावाने गाजली होती. त्याच झिप कूनची, ज्याच्याबद्दल वर लिहिलं. म्हणजे मिकीचं पहिलं गाजलेलं गाणं मिन्स्ट्रेलचं आहे.

२) मिकीच्या हातात मोजे पहिल्यांदा दिसतात ते १९२९ च्या 'द ऑप्री हाऊस'मध्ये. या फिल्ममध्ये मिकी काय करतो? नाटकगृह चालवतो आणि स्वतः रंगमंचावर उभा राहून करमणूक करतो.

३) डिस्नेकडे काम केलेल्या ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांनी बॉस्को हे पात्र तयार केलं. १९३० मध्ये पहिलं 'लूनी ट्यून्स' कार्टून आलं ते याच बॉस्कोचं. दिसायला मिकीचा सख्खा भाऊ. कॉपीराइटच्या नोंदीत त्याचं वर्णन 'निग्रो मुलगा' असं केलेलं आहे. तर्क करायची गरजच नाही, त्यांनी स्वतः लिहून दिलंय.

४) १९३३ चा 'मिकीज मेलरड्रामर'. मिकी आणि मंडळी 'अंकल टॉम्स केबिन'चं नाटक बसवतात. काळ्या पात्राचं सोंग घेण्यासाठी मिकी तोंडात फटाका फोडून घेतो आणि चेहरा काळा करतो. ब्लॅकफेसची परंपरा मिकीच्या चित्रकारांना माहीतच नव्हती असं कोणी म्हणत असेल, तर त्याने ही फिल्म बघावी.

५) १९४१ च्या 'डंबो'मध्ये कावळ्यांची टोळी आहे. त्यांच्या म्होरक्याला चित्रकारांनी दिलेलं नाव जिम क्रो. आवाज एका गोऱ्या नटाचा.

निकोलस सॅमंड या अभ्यासकाने २०१५ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं तर आणखी पुढचं आहे. या पात्रांवर मिन्स्ट्रेलचा थोडाफार प्रभाव पडला असं नसून ही पात्रं म्हणजेच मिन्स्ट्रेल, असं तो मांडतो. हळूहळू लोक मूळ विसरले आणि खुणा तेवढ्या राहिल्या. मला स्वतःला हे जवळपास पूर्ण पटतं. कोणाला थोडं जास्त वाटेल, त्यावर वाद होऊ शकतो. पण "संबंधच नाही" असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

आता पहिल्या गटाचं शेवटचं हत्यार. "पण डिस्नेचा तसा हेतू नव्हता!"

नसेलही. मी हेतूबद्दल बोलतच नाहीये. गडबडीत काम करणारा चित्रकार जे हाताशी असेल ते उचलतो. प्रश्न असा आहे की, "हसवणारा, नाचणारा, मार खाऊन पुन्हा उठणारा, माणसासारखा पण माणूस नसलेला प्राणी" काढायचा म्हटल्यावर त्याच्या हाताशी कोणाचं चित्र होतं? कोणाची थट्टा करणं इतकं नेहमीचं होतं की तिला थट्टा म्हणून ओळखायचीही गरज उरली नव्हती? सोय हे कारण असतंच. पण सोय आभाळातून पडत नाही. जी गोष्ट समाजाने आधी सोपी, स्वस्त आणि बिनधोक करून ठेवलेली असते, तीच सोयीची होते. "सोयीचं होतं म्हणून केलं" एवढं सांगून थांबणारा माणूस अर्ध्या वाटेत गाडीतून उतरतो आणि पोचलो म्हणून सांगतो.

आणि या सोयीची किंमत कोणी दिली? बर्ट विल्यम्स हे नाव वाचा कधीतरी. बहामात जन्मलेला काळा नट, आपल्या काळातल्या मोठ्यातल्या मोठ्या विनोदी नटांपैकी एक. १९१० मध्ये 'झीगफेल्ड फॉलीज'सारख्या बड्या खेळात पोचला. पण रंगमंचावर जाताना त्यालाही तोंडाला काजळी फासावी लागायची. मुळात काळ्या माणसाने काळ्या माणसाचं सोंग घ्यायचं, कारण प्रेक्षकांना खरा काळा माणूस नको होता, गोऱ्यांनी घडवलेला काळा माणूस हवा होता. ज्याची नक्कल करून दुसरे पैसे कमावत होते, त्याला स्वतःच्या नावाने उभं राहायलासुद्धा नकलेचाच मुखवटा लागत होता.

आता वळतो दुसऱ्या गटाकडे. "बंदी घाला, काढून टाका."

मित्रांनो, यात तुम्ही कंपन्यांना हवं तेच देताय. काढून टाकणं त्यांना फार आवडतं. १९६८ मध्ये अकरा जुनी वॉर्नर कार्टूनं काळ्या लोकांच्या ओंगळ चित्रणामुळे टीव्हीवरून काढली गेली. ठीक. पण डिस्नेचं बघा. १९४६ चा 'साँग ऑफ द साऊथ', मळ्यावरच्या काळ्या माणसांचं गोडगुलाबी चित्र रंगवणारा चित्रपट. त्यात मुख्य भूमिका करणारा काळा नट जेम्स बॅस्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकला नाही, कारण तिथे जिम क्रोचे वर्णभेदाचे नियम लागू होते. आपल्याच चित्रपटाला! हा चित्रपट डिस्नेने अमेरिकेत कधी व्हिडिओवर विकला नाही, आज डिस्ने प्लसवरही नाही. लाज वाटली म्हणा. पण त्याच चित्रपटातल्या पात्रांवर उभारलेली 'स्प्लॅश माऊंटन' ही पाण्यातली राइड १९८९ ला डिस्नेलँडमध्ये सुरू झाली आणि २०२३ पर्यंत चालली. चित्रपट कुलुपात, पात्रं गल्ल्यावर. चौतीस वर्षं! लोकांनी संदर्भ बघायचा नाही, मजा तेवढी विकत घ्यायची. पुसून टाकण्याचा खरा अर्थ हा असतो.

त्यापेक्षा वॉर्नरने नंतर घेतलेली भूमिका मला जास्त प्रामाणिक वाटते. जुन्या कार्टूनांच्या डीव्हीडी काढताना त्यांनी सुरुवातीला सरळ सांगितलं की यातलं चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, आणि ते दाखवलं नाही तर हा द्वेष कधी नव्हताच असं म्हटल्यासारखं होईल. डिस्नेनेही २०२० मध्ये काही चित्रपटांआधी इशाऱ्याची पाटी दाखवायला सुरुवात केली. पण हातमोज्यांसाठी पाटी नाही. हातमोजे टोप्यांवर, टी-शर्टांवर, वाढदिवसाच्या केकवर आहेत. तिथे आपलं "सोयीचं होतं".

आता पैशांचा मुद्दा, ज्यावर कोणी बोलत नाही.

डिस्नेने मिकी घडवताना कुठून काय घेतलं बघा. चाल मिन्स्ट्रेलची. वेश मिन्स्ट्रेलचा. 'स्टीमबोट विली' हे नाव बस्टर कीटनच्या त्याच वर्षीच्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'वरून. सगळं सार्वजनिक चावडीवरून उचललेलं. उचलण्यात गैर नाही, कला अशीच वाढते. पण उचललेल्यावर स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली सोडायलाच तयार नाहीत! १९२८ च्या कायद्याप्रमाणे मिकीची ती पहिली फिल्म जास्तीत जास्त ५६ वर्षांनी, म्हणजे १९८४ अखेर, लोकांची व्हायला हवी होती. १९७६ च्या कायद्याने मुदत ७५ वर्षं झाली. ती संपत आली तसा १९९८ मध्ये आणखी एक कायदा, मुदत ९५ वर्षं. त्यासाठी डिस्नेने इतका जोर लावला की लोकांनी त्या कायद्याचं नावच 'मिकी माऊस संरक्षण कायदा' ठेवलं. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांचा आहे.

शेवटी १ जानेवारी २०२४ ला 'स्टीमबोट विली' मोकळा झाला. आणि गंमत ऐका. मोकळा झाला तो बिनमोज्यांचा मिकी. मोजेवाला मिकी १९२९ चा, म्हणून तो आणखी एक वर्ष कुलुपात राहिला, २०२५ ला सुटला. ज्या मोज्यांचं मूळ विचारलं की "अहो, नुसती चित्र काढायची सोय होती" असं उत्तर मिळतं, तेच मोजे कायद्याच्या भाषेत स्वतंत्र निर्मिती ठरतात आणि मालकी हक्कात मोजले जातात. मूळ सांगायची वेळ आली की क्षुल्लक, हक्क सांगायची वेळ आली की अमूल्य. दोन्ही कसं चालेल?

राहिला तिसरा गट. "आपल्याला काय त्याचं? अमेरिकेचं अमेरिका बघेल."

१८६०-७० च्या दशकांत डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल नट मुंबई-कलकत्त्यात खेळ करत होता. जळक्या बुचाची ती परंपरा जहाजातून इथे उतरली आणि इथल्या माणसांच्या नकला सुरू झाल्या. 'बंगाली बाबू' ही त्याची गाजलेली नक्कल. इंग्रजी शिकलेला, साहेबासारखा वागू बघणारा हिंदी माणूस, आणि त्याच्यावर हसणारे साहेब. झिप कूनच, फक्त धोतरातला. कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटाने त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिलं, साहेबाची नक्कल करून. म्हणजे या थट्टेत आपणही होतो, प्रेक्षक म्हणून नव्हे, सोंग म्हणून.

आणि महाराष्ट्राने तर हे बोलूच नये. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, इंटरनेट नसताना जोतीरावांना कळत होतं की तिथल्या बेड्यांचा नि इथल्या बेड्यांचा संबंध काय. आणि आपल्या हातात अख्खं जग असताना आपण म्हणायचं, "आपल्याला काय त्याचं?"

मिकी बघू नका असं मी म्हणत नाहीये. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसून डिस्नेची कार्टूनं बघितलेली आपली पिढी आहे. आपल्या पोरांनीही खुशाल बघावीत. मिकीवर प्रेम करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अर्धं उत्तर पूर्ण म्हणून देण्याला.

त्यामुळे घरातल्या पोराने विचारलं की, "याने मोजे का घातलेत?", तर दोन वाक्यं सांगा. काळ्यावर काळे हात दिसत नव्हते, हे एक. आणि हे रूप अशा खेळातून आलं ज्यात काळ्या माणसांची टिंगल करून लोक हसायचे, हे दुसरं. सात-आठ वर्षांच्या पोराला दोन्ही कळतात. ते पुढचा प्रश्नही विचारेल, "मग ज्यांची टिंगल करायचे त्यांचं काय झालं?" तेव्हा बर्ट विल्यम्सचं नाव सांगा. मिकीची मुदत वाढवायला कायदे झाले, त्या माणसाचं नाव टिकवायला कुठलाही कायदा नाही. ते काम आपल्याला तोंडीच करावं लागणार.

कमेंटमध्ये जरूर भांडा. फक्त आधी 'स्टीमबोट विली' आणि 'मिकीज मेलरड्रामर' या दोन फिल्म बघून या. दोन्ही मिळून पंधरा-सोळा मिनिटांच्या आहेत.